दुसऱ्याची बाटली, माझं परमिट

मुलुंडच्या आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. माझ्या अंदाजानं त्यांतल्या निदान पंधरा घरांतले पुरुष अधूनमधून घेत असत. कुणी शनिवारी, कुणी पगाराच्या दिवशी, कुणी गटारीलाच. दारूचं सरकारी परमिट मात्र अख्ख्या इमारतीत एकाकडेच होतं, आणि तो मी. मी दारू कधी चाखलेलीही नाही.

हे ऐकून लोक हसतात. पूर्वी मीही हसत असे. पुढे माझ्या मुलीचं जमलेलं लग्न या परमिटापायी मोडलं, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो. त्या गोष्टीला आता चारेक वर्षं झाली. हिशेबाच्या माणसाला गोष्ट क्रमानंच सांगता येते, म्हणून क्रमानंच सांगतो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. दोन-दोन वर्षं समुद्रावर, मग दोन महिने जोगेश्वरीला. तिथल्या दोन खोल्यांत त्याचं कुटुंब आणि थोरल्या भावाचं कुटुंब एकत्र राहायचं. थोरला कापडगिरणीत साचे चालवायचा. संपानंतर त्याची गिरणी उघडलीच नाही. तो घरी बसला, आणि घरी बसलेल्या माणसाला जे होतं ते त्याला झालं. संध्याकाळ झाली की त्याला काहीतरी लागायचं, मग ते कसलंही चालायचं.

चौऱ्याऐंशी साली मेहुणा सुट्टीवर आला तो थेट आमच्याकडे. पिशवीतून त्यानं बनियनमध्ये गुंडाळलेली बाटली काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"भावोजी, ही तुमच्याकडे ठेवा. माझ्या घरात दोन दिस रवाची नाय."

"दारू?" बायकोनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"दारू नाय गो ताई, सिंगल माल्ट."

मग त्यानं ते काय असतं ते सांगितलं. आपण बाजारात बघतो ती विलायती व्हिस्की दहा कारखान्यांची मिसळलेली असते. ही एकाच कारखान्याची आणि फक्त जवाची. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि मग पुढचं.

"मोड आणतात? मटकीसारखे?" बायकोनं विचारलं.

"अगदी तसेच. उसळ तेवढी करत नाय."

बोट दुरुस्तीसाठी स्कॉटलंडच्या एका बंदरात अडकली होती, तेव्हा गावातला दारूचा कारखाना नुकताच बंद झाला होता. भिंतीवर दूरवरून वाचता येईल अशा अक्षरांत नाव आणि खाली कुलूप. एका गुत्त्यात त्याला तिथला कामगार भेटला. सगळं आयुष्य त्यानं लाकडी फावड्यानं जव उलटेपालटे केले होते. कारखान्यानं निरोपाला दोन बाटल्या दिल्या होत्या आणि त्यांतली एक त्यानं विकायला काढली होती. एकमेकांची भाषा दोघांनाही धड कळत नव्हती. मेहुणा म्हणाला, "त्याचा तोंड बघितलंय आणि माका आमचो थोरलो दिसलो." त्यानं सांगितलेल्या किमतीला मेहुण्यानं ती घेतली.

"आता अशी मिळाची नाय, भावोजी. कारखानोच बंद पडलो. थोरल्याची गिरणी ज्या दिवशी चालू होईल, त्या दिवशी फोडायची. तवर तुमच्याकडे. तुमी काय तिका हात लावणार नाय, माका म्हायत आसा."

मी बाटली उजेडात धरली. आत पातळ मधासारखा रंग होता. लेबलावर दोन सालं होती. पिंपात भरल्याचं चौसष्ट, बाटलीत भरल्याचं ब्याऐंशी. मी लगेच वजाबाकी केली. आमची मुलगी चौसष्टची.

"म्हणजे आता वीस वर्षांची झाली," मी म्हणालो.

"नाय. अठरा. बाटलीत गेल्यावर तिचा वय थांबता."

मी विचारलं, "कस्टममधून रीतसर आणलीस ना?"

"पावती आसा."

पावती होती. मला बरं वाटलं. पण रात्री लक्षात आलं की पावती होती ती आणण्याची. बाळगण्याचं काय? आपल्याकडे दारू प्यायलाच नव्हे, जवळ ठेवायलाही परमिट लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच ते मनावर घेत नाही. मी घेतलं. साकीनाक्याला वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. काटा एका ग्रॅमनं चुकला तरी आमच्याकडे तो परत येतो. त्या नोकरीनं मला असं केलं, की मी असाच होतो म्हणून त्या नोकरीत टिकलो, हे मला सांगता यायचं नाही.

अर्धा दिवस रजा टाकून मी दारूबंदी खात्याच्या कचेरीत गेलो. पिण्याचं परमिट दारूबंदी खातंच देतं, हे मला तिथं गेल्यावर समजलं. माझ्या पुढे फक्त एक म्हातारे गृहस्थ होते, हातात काठी, डोक्यावर हॅट. माझ्याकडे बघून ते हिंदीत म्हणाले, "पहिली बार? शरमाने का नहीं." माझे कान तापले. मी पाटी वाचत असल्याचं दाखवलं.

खिडकीवरच्या कारकुनाला मी सांगितलं, "मी पीत नाही. फक्त ठेवायचं परमिट हवं."

तो बघतच राहिला. "साहेब, पिणारेसुद्धा घेत नाहीत. ठेवायला कोण घेतं?"

"माझ्याकडे एक बाटली आहे. माझी नाही."

"सगळे असंच म्हणतात. इथे सही करा."

सहीच्या वर छापलं होतं की मला प्रकृतीच्या कारणासाठी मद्य आवश्यक आहे. मी म्हणालो, हे खरं नाही. तो म्हणाला, ठेवायचा वेगळा कागद नसतो, एवढाच आहे. पाठीमागे आता दोन टॅक्सीवाले उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "काका, जल्दी." मी सही केली. नियम मोडू नये म्हणून खोट्यावर सही केली. घरी येईपर्यंत मला ते टोचत होतं.

परमिट आणि बाटली, दोन्ही लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. मेहुण्यानं बजावलं होतं की बाटली उभी ठेवायची, अंधारात, आणि उन्हाळ्यात जपायचं. मुंबईचा उकाडा स्कॉटलंडच्या बुचाला सोसतो की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून बाटलीच्या पाठीवर मी कागदाची एक पट्टी चिकटवली आणि पातळी जिथे होती तिथे पेन्सिलनं बारीक रेघ मारली. सहा महिन्यांनी पाहिलं तर पातळी रेघेच्या जरा खाली. दुसरी रेघ मारली. पुढच्या उन्हाळ्यानंतर तिसरी. सील जसंच्या तसं होतं. बूच सुकून थोडंथोडं उडत असणार. दुसऱ्याची ठेव माझ्या कपाटात कमी होत होती आणि मला काही करता येत नव्हतं. मी मेहुण्याला पत्रानं कळवलं. त्यानं उत्तरात भाचीची चौकशी केली, बाटलीबद्दल एक शब्दही लिहिला नाही.

शहाऐंशीच्या सुरुवातीला मुलीला स्थळ आलं. मुलगी तेव्हा अंधेरीला एका औषध कंपनीत टायपिस्ट होती. मुलगा बोरिवलीचा, टेलिफोन खात्यात. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मग दोघं बाहेर भेटली. परत आल्यावर मुलगी आईला म्हणाली, "मला चालेल." आमच्या मुलीच्या तोंडी "मला चालेल" म्हणजे पुष्कळ झालं. याआधीच्या चार स्थळांना ती "बघू" म्हणाली होती. त्यानंतर तिला रोज ऑफिसात एक फोन यायचा असं बायकोनं मला सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी त्याबद्दल काही विचारायचं नाही.

बोलणी करायला एका रविवारी मुलाचे वडील आणि मुलाची आत्या आले. वडील शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आवाज मऊ. आत्या ठाकठीक बोलणारी. पोहे झाले. देण्याघेण्याचं त्यांचं काही मागणं नव्हतं. हॉल कुठला, माणसं किती, इथपर्यंत गाडी आली. बायकोचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मुलगी आत होती. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता.

मग मुलाचे वडील सहज म्हणाले, "एक आपलं विचारायचं म्हणून विचारतो. घरात कुणाला काही व्यसन?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात असतं. तोंडात तंबाखूचा बार धरलेला माणूसही त्या वेळी तेच उत्तर देतो.

मी म्हणालो, "तंबाखू नाही, विडी नाही, दारू नाही. मात्र माझ्या नावावर दारूचं परमिट आहे आणि कपाटात एक बाटली आहे. ती माझी नाही."

बायको चहाचा ट्रे घेऊन येत होती ती मध्येच थांबली.

"अगोबाई," आत्या म्हणाली. "परमिट? म्हणजे सगळं रीतसर!"

मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "परमिट कसं मिळतं हो? मला माहिती नाही म्हणून विचारतो."

"प्रकृतीसाठी आवश्यक आहे असं लिहून द्यावं लागतं."

"तुम्ही दिलंत?"

"दिलं."

"आणि प्रकृतीला आवश्यक आहे?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही पिता आणि आत्ता आम्हाला नाही म्हणता, किंवा पीत नाही, आणि सरकारला खोटं लिहून दिलंत. दोहोंपैकी एक तर आहेच ना?"

मी त्यात चूक शोधली. चूक नव्हती.

"अहो, माझ्या भावाची आहे ती," बायको म्हणाली. "बोटीवर असतो. ह्यांनी नुसती सांभाळलीय. ह्यांचा स्वभावच तसा, काय सांगू तुम्हाला! कुणाची छत्री राहिली तरी चिठ्ठी लावून ठेवतात."

"बघू तरी," आत्या म्हणाली.

मी कपाट उघडून बाटली आणली. मला वाटलं होतं, सील बघितलं की प्रश्न मिटेल. आत्यानं चष्मा लावला, बाटली फिरवली आणि पाठीवरची पट्टी बघितली.

"ह्या खुणा कसल्या? रोज किती घ्यायची त्याच्या?"

"पातळीच्या आहेत. बूच सुकतं, त्यातून उडते. दोन वर्षांत साधारण एवढी कमी..."

"सील आहे," मुख्याध्यापक बाटली हातात न घेता म्हणाले, "पण दारू गळ्याच्या खाली गेलीय."

"तेच सांगतोय. ती आपोआप जाते."

"आमच्या शेजारच्याचीपण आपोआप जायची," आत्या म्हणाली.

मी बुचाचं सांगितलं, उकाड्याचं सांगितलं, पट्टीवरच्या तारखा वाचून दाखवल्या. जितकं सांगत गेलो तितकं ते वाईट दिसत गेलं, आणि ते मला दिसत असूनही मी थांबलो नाही. दारूच्या बाटलीवर इतकं बोलू शकणारा न पिणारा माणूस त्यांनी तरी कुठे पाहिला असणार?

मुख्याध्यापकांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "तुम्हाला दुखवायचं म्हणून नाही सांगत. माझा थोरला भाऊ दारूनं गेला. वहिनी आणि तिची मुलं माझ्याच घरात वाढली. त्यामुळे या एका गोष्टीत मी जरा जास्त बघतो. तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे, मुलाला तर आहेच. एक करा. ही बाटली माझ्यासमोर मोरीत ओता. मी पुढे एक अक्षर विचारणार नाही. याद्या आजच करू."

याहून सरळ काय असतं? आजही मी त्या माणसाला नावं ठेवू शकत नाही.

"ओता हो," बायको म्हणाली. "माझ्या भावाची आहे, मी सांगते ना. तो काही म्हणायचा नाही."

मी बाटली हातात घेऊन उभा होतो. मला मेहुणा दिसत होता. तो कुठल्या समुद्रावर आहे तेही आम्हाला नक्की माहीत नव्हतं. जोगेश्वरीला खाटेवर बसलेला त्याचा थोरला भाऊ दिसत होता. मी हात लावणार नाही, एवढ्याच भरवशावर ती बाटली माझ्याकडे आली होती.

"ठेव आहे," मी म्हणालो. "त्याला विचारल्याशिवाय कशी ओतू? मी पत्र टाकतो. महिनाभरात उत्तर येईल."

"महिनाभर? एका बाटलीसाठी?" आत्या म्हणाली.

"ती परत मिळत नाही हो. तो कारखाना कायमचा बंद झालाय. आता तशी होणारच नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि गेल्याबरोबर ते कसं ऐकू आलं असेल हे मला कळलं. आत्यानं भावाकडे बघितलं. "बघ. किती जीव आहे तो."

गिरणीचं, थोरल्याचं, बाटली कधी फोडायची त्याचं सांगायला मी तोंड उघडलं, पण मुख्याध्यापक उठले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. "बरंय. विचार करून कळवतो." चहावर साय धरली होती. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी आणला होता. तो उघडलाच नव्हता. जाताना आत्यानं तो पिशवीत परत ठेवला, आणि ते करताना तिलाही कानकोंडं झालं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाली, "येते हं."

चार दिवसांनी पत्र आलं. दोनच ओळी होत्या, अक्षर सुंदर.

मुलगी माझ्यासमोर रडली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला गेली, वेळेवर परत आली. तिला येणारा फोन बंद झाला. हेही मला बायकोनंच सांगितलं, आणि या वेळी काही विचारू नका असं म्हणाली नाही. मी विचारणार नाही हे तिला ठाऊक होतं. बायको माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. रविवारी कपाटातून काही काढायचं असलं तर ती मला काढायला सांगायची. स्वतः ते कपाट उघडत नसे.

इमारतीत गोष्ट पसरली. कशी ते विचारायला नको, आमच्या भिंती पातळ आहेत. पहिल्या मजल्यावरचा एक जण, जो पगाराच्या दिवशी जिन्यात बसून राहायचा, तो मला जिन्यातच अडवून म्हणाला, "काय राव, एकटे एकटे? आम्हाला बोलवायचं ना!" मी हसलो. दुसरं काय करणार? मला हसताना माझ्या मुलीनं वरच्या पायरीवरून पाहिलं. ती तशीच घरात परत गेली आणि मी गेल्यावर खाली उतरली.

मी मेहुण्याला पत्र लिहिलं. तीन पानं. झालं ते सगळं लिहिलं, शेवटी बाटलीची पातळीही. उत्तर आलं नाही. पत्र त्याच्या आधीच्या बंदरावर गेलं असावं. दिवाळीच्या सुमारास तो स्वतःच आला, दारातूनच "ताई" म्हणून ओरडत. त्याला काहीच माहीत नव्हतं. बोरिवलीच्या त्या मुलाचं तोपर्यंत दुसरीकडे लग्नही झालं होतं.

बायकोनं त्याला सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. मधे मधे एखादी तारीख चुकली तर मी दुरुस्त करत होतो. मुलगी खाली बसून फराळाचे डबे पुसत होती.

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कुणी हसत नाही.

"ओतायची ना, भावोजी!"

"तुझी ठेव होती."

"अहो, बाटली ती! एका बाटलीपायी तुमी चेडवाचा लगीन मोडलात?"

"तू म्हणाला होतास, गिरणी चालू झाली की..."

"मी सांगलंय म्हणून?" त्यानं कपाळावर हात मारला. "खंयची गिरणी? थोरलो आता कांदिवलीक वॉचमन आसा. सहा महिने झाले, ताईन सांगल्यान नाय? दारू सोडल्यान, कधीतरी घेता. गिरणी काय चालू होणार नाय, ता त्याका पण म्हायत आसा. माकाय म्हायत होता. आपला म्हणायचा एक."

आपला म्हणायचा एक. मी त्या तीन शब्दांसाठी पट्टी चिकटवली होती.

मी म्हणालो, "मला कसं कळणार? विचारायला तू नव्हतास."

तेव्हा मुलगी बोलली. मान वर केली नाही, डबा पुसत राहिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी होते ना," ती म्हणाली. "पडद्यामागेच होते. मला विचारलं असतंत तर मीच ओतली असती."

बायको उठून आत गेली. मेहुणा आपल्या बुटांकडे बघत होता.

त्या रविवारी मी सगळ्यांचा विचार केला होता. समुद्रावरच्या मेहुण्याचा, जोगेश्वरीच्या थोरल्याचा, मुख्याध्यापकांच्या मेलेल्या भावाचाही. कायद्याचा केला होता. बायकोकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. जिच्या आयुष्याचं चाललं होतं ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. ती मला दिसली होती, हे मला आता आठवतं. तिला काय हवंय हे विचारायचं मला सुचलं नाही. ठेव दुसऱ्याची, म्हणून परवानगी दुसऱ्याची, इतकंच मी बघत होतो. मला प्रामाणिक माणूस म्हणतात. ते ऐकलं की मला ती पावलं आठवतात, आणि कुठे बघावं ते कळत नाही.

मेहुणा जाताना बाटली घेऊन गेला. वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून. कपाटातून ती मीच काढून दिली. सवयीनं म्हणालो, "पातळी एवढी कमी झालीय, बघून घे." तो म्हणाला, "भावोजी, आता पुरे." पुढे तिचं काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसरं स्थळ आलं ते पुढच्या वर्षी. घाटकोपरचे लोक, मुलगा बँकेत. मुलगी "बघू" म्हणाली, आणि दोन भेटींनंतर "ठीक आहे" म्हणाली. "मला चालेल" म्हणाली नाही. बोलणी आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. या वेळी ती आत थांबली नाही. आईबरोबर बाहेर येऊन खुर्चीवर बसली. मुलाच्या काकांनी सगळं विचारून झाल्यावर शेवटी तेच विचारलं, "व्यसन वगैरे कुणाला काही नाही ना?"

बाटली घरात नव्हती. परमिट मात्र होतं. दरवर्षी मुदत भरत आली की मी जाऊन ते नवं करून आणत असे, आणि त्या वर्षीचं मार्चअखेरपर्यंतचं होतं. बाटली नसताना ते का आणलं, हे विचारलंत तर उत्तर नाही. मी उत्तर द्यायला घसा साफ केला.

"नाही," माझी मुलगी म्हणाली. माझ्या आधी, स्पष्ट.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. काका तिच्याकडे बघत होते, बायको जमिनीकडे. ती एकटी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी ते उघडतो का म्हणून. इतकी घाबरलेली मी तिला तिच्या लहानपणीही पाहिलेली नाही, आणि ती मला घाबरत होती.

मी चहाचा कप उचलला. काकांनी पुढचा विषय काढला. तिनं हळूच श्वास सोडला, तो मला ऐकू आला.